दमा आणि सीओपीडीसाठी श्वसनाचे व्यायाम: बुटेको, फिजिओथेरपी, प्राणायाम की उपकरण?

औषध नियमित चालू आहे, पंप ओढण्याची पद्धत डॉक्टरांकडून तपासून घेतलेली आहे, आणि तरीही जिना चढून वर पोहोचल्यावर दोन मिनिटे कठडा धरून उभे राहावे लागते, अशा दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार) रुग्णाला कोणी ना कोणी श्वसनाचा व्यायाम सुचवतेच. कोणी प्राणायाम सांगते, कोणी सोव्हिएत रशियातून आलेल्या बुटेको पद्धतीचे नाव घेते, काही डॉक्टर फिजिओथेरपिस्टकडे पाठवतात, आणि श्वासाच्या स्नायूंना ताकद देणारे एक मुठीएवढे उपकरणही बाजारात मिळते. या चारही मार्गांवर गेल्या ४० वर्षांत नियंत्रित चाचण्या झालेल्या आहेत, त्यामुळे निवड ऐकीव अनुभवांवर सोडण्याचे कारण नाही. त्या चाचण्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्यावर माझे जे मत झाले ते आधीच सांगतो. यांपैकी कोणतीही पद्धत आकसलेली श्वासनलिका उघडते असे भक्कम पुराव्याने दिसलेले नाही; त्यांच्यामुळे कमी होते ती धाप, आणि आपली धाप नेमकी कुठून येते हे कळल्याशिवाय यांतले काय घ्यायचे हे ठरत नाही.

धाप ही एक संवेदना आहे, आणि ती फक्त फुप्फुसांत तयार होत नाही. श्वासाचा मूळ ठेका मेंदूच्या अगदी खालच्या भागातून, मस्तिष्कपुच्छातून येतो. तिथला प्री-बॉटझिंगर कॉम्प्लेक्स नावाचा चेतापेशींचा छोटा पुंजका हा ठेका निर्माण करतो, हे जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली नवजात उंदरांच्या मेंदूच्या पातळ कापांवर दाखवून दिले. श्वास किती जोरात आणि किती वेळा घ्यायचा हे मात्र प्रामुख्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड ठरवतो. १९०५ साली हॉल्डेन आणि प्रिस्टली यांनी मोजून पाहिले, तेव्हा फुप्फुसांतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.२ टक्क्यांनी वाढला तरी श्वसन दुप्पट होते असे त्यांना आढळले. ऑक्सिजन कमी झाल्याची वर्दी मानेतल्या रोहिणीजवळची संवेदनाकेंद्रे देतात, आणि त्या कामासाठी कोर्नेय हायमन्स यांना १९३८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदू जेवढी मागणी करतो तेवढी हवा छातीचे स्नायू आणि फुप्फुसे पुरवू शकली नाहीत की जी तफावत पडते, तिलाच आपण धाप म्हणतो.

म्हणजे धाप तीन ठिकाणांहून येऊ शकते. श्वासनलिका अरुंद झाल्या असतील तर पुरवठा तोकडा पडतो. श्वासाची सवय बिघडून माणूस गरजेपेक्षा जास्त, वरवर आणि तोंडाने श्वास घेत असेल तर मागणीच अवास्तव वाढते. आणि छातीत हवा कोंडून राहिल्याने किंवा स्नायू दुबळे झाल्याने तेवढाच श्वास घ्यायला जास्त कष्ट पडतात. पहिल्या कारणावर औषध आहे. श्वसनाच्या व्यायामांचा खरा प्रांत दुसरा आणि तिसरा.

दुसरे कारण वाटते त्याहून बरेच जास्त आढळते. २००१ साली ब्रिटनमधल्या एका पाहणीत, दम्याचे औषध घेणाऱ्या प्रौढांपैकी २९ टक्के जणांमध्ये बिघडलेल्या श्वसनाची लक्षणे दिसली होती, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण जास्त होते. त्यासाठी वापरलेली नाइमेगेन प्रश्नावली कोणालाही दहा मिनिटांत भरता येते. तिच्यात १६ लक्षणे आहेत: बोटांना मुंग्या येणे, ओठांभोवती ताण वाटणे, चक्कर येणे, पुरेसा खोल श्वास घेता न येणे, छातीत धडधड होणे इत्यादी. प्रत्येक लक्षणाला ० ते ४ गुण द्यायचे आणि बेरीज करायची. ६४ पैकी २३ च्या वर बेरीज गेली तर श्वासाची सवय बिघडलेली असण्याची शक्यता धरतात. हे निदान नव्हे, कारण चिंतेने ग्रासलेल्या माणसाचीही बेरीज वर जाते आणि दमा आटोक्यात नसलेल्याचीही. पण कोणत्या दाराने आत शिरायचे एवढे त्यावरून समजते.

बुटेको

कोन्स्तान्तिन बुटेको या सोव्हिएत डॉक्टरांनी १९५० च्या दशकात मांडलेला सिद्धान्त असा, की दम्याचा रुग्ण सतत जास्त श्वास घेतो, त्यामुळे शरीरातला कार्बन डायऑक्साइड वाहून जातो, आणि तो वाचवण्यासाठी शरीर श्वासनलिका आवळते. म्हणून श्वास मुद्दाम कमी घ्यायचा, नाकाने घ्यायचा, आणि श्वास सोडल्यानंतर थोडा थांबा ठेवायचा. या पद्धतीत रोजची प्रगती एका सोप्या मोजणीने ठरते. शांत बसून नेहमीसारखा श्वास घ्यायचा, नेहमीसारखा सोडायचा, नाक चिमटीत धरायचे आणि घड्याळाकडे पाहायचे. श्वास घेण्याची पहिली इच्छा, म्हणजे पोटात किंवा गळ्यात होणारी पहिली बारीक ओढ, जाणवली की नाक सोडायचे. तो आकडा म्हणजे नियंत्रित थांबा. इथे जिद्दीने थांबायचे नसते. नाक सोडल्यावर पुढचा श्वास आधीच्यासारखाच शांत यायला हवा; तो घाईघाईने ओढावा लागला तर मोजणी चुकली असे समजतात.

१९९८ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन येथे ३९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत या पद्धतीने तातडीच्या पंपाचा, म्हणजे दम लागल्यावर लगेच आराम देणाऱ्या पंपाचा, वापर खूपच घटला. फुप्फुसांच्या क्षमतेत मात्र काही फरक पडला नाही आणि, मला ही गोष्ट सर्वांत बोलकी वाटते, सोडलेल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्येही दोन गटांत फरक आढळला नाही. ज्या वायूच्या जोरावर सगळा सिद्धान्त उभा, तो जागचा हललाच नाही आणि तरीही रुग्णांना बरे वाटले. शिवाय बुटेको गटातल्या रुग्णांशी शिक्षकांचा फोनवरचा संपर्क जास्त झाला होता, त्यामुळे त्या सुधारणेतला किती भाग व्यायामाचा आणि किती आस्थेवाईक चौकशीचा हे सांगणे अवघड आहे. पुढे २००३ साली नॉटिंगहॅममध्ये ९० रुग्णांवर चाचणी झाली, त्यात बुटेको गटाची लक्षणे कमी झाली आणि तातडीचा पंप दिवसाला सुमारे दोन फवाऱ्यांनी घटला. श्वासनलिकांची संवेदनशीलता, म्हणजे चटकन आवळण्याची प्रवृत्ती, मात्र होती तेवढीच राहिली.

पण या सगळ्या प्रकरणाला खरे वळण दिले ते २००६ सालच्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीने. ५७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नाकाने उथळ, सावकाश श्वास घेण्याचे बुटेकोसारखे तंत्र शिकवले; दुसऱ्याला खांदे-हात हलवण्याचे आणि सैल बसण्याचे असे व्यायाम दिले, ज्यांचा श्वासाच्या पद्धतीशी खास संबंध नव्हता. दोन्ही गटांत तातडीच्या पंपाचा वापर ८६ टक्क्यांनी आणि स्टेरॉइडच्या, म्हणजे सूज आटोक्यात ठेवण्यासाठी रोज घ्यायच्या, पंपाची मात्रा निम्म्याने खाली आली, आणि दोन्ही गटांत फरक उरला नाही. दोन्ही गटांना समान सांगितलेली एक गोष्ट होती: दम लागला की आधी व्यायाम करून पाहा, आणि त्याने भागले नाही तर पंप घ्या. सवयीने हात पंपाकडे जाणे आणि खरोखर गरज असणे यांतले अंतर किती मोठे असू शकते हे या चाचणीने दाखवले, आणि श्वास रोखण्याच्या तंत्राला मिळालेले बरेचसे श्रेय त्यामुळे परत घ्यावे लागते.

म्हणून बुटेको निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. पण कार्बन डायऑक्साइडचा सिद्धान्त खरा मानून स्टेरॉइडचा पंप स्वतःहून बंद करायला सांगणारा शिक्षक भेटला, तर तिथून उठून यावे. वरच्या चाचणीत मात्रा कमी झाली ती देखरेखीखाली, पायरीपायरीने, तपासण्या चालू ठेवून.

फिजिओथेरपिस्टकडून श्वसनाचे पुनर्शिक्षण

हे नाव रुक्ष आहे आणि पद्धतही नाट्यमय नाही, म्हणून तिची चर्चा कमी होते; पुरावा मात्र दम्यापुरता तरी सर्वांत भक्कम याच पद्धतीचा आहे. इंग्लंडमधल्या पॅपवर्थ रुग्णालयात १९६० च्या दशकात आकाराला आलेली पद्धत हा याचाच एक प्रकार. फिजिओथेरपिस्ट आधी रुग्णाला बोलू देतो आणि त्या वेळी त्याची छाती पाहतो: खांदे वर उचलले जातात का, वाक्याच्या मध्येच हवा गिळल्यासारखा आवाज येतो का, उसासे किती. मग एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवून, खालचा हात आधी हलेल असा श्वास, नाकाने, घाई न करता, सैल बसणे, आणि शेवटी हे सगळे चालताना, बोलताना, जिना चढताना कसे टिकवायचे याचा सराव. आडवे पडून जमलेला श्वास चार पायऱ्या चढल्यावर हरवतो, असा बहुतेकांचा अनुभव असतो, त्यामुळे शेवटचा भाग वगळला तर बाकीच्याला फारसा अर्थ राहत नाही.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या १८३ रुग्णांच्या चाचणीत अशा तीन सत्रांची तुलना नर्सने दिलेल्या दम्याच्या माहितीशी केली होती. महिन्याभरात दोन्ही गट सारखेच सुधारले, पण सहा महिन्यांनी व्यायामाचा गट जीवनमानाच्या मोजपट्टीवर स्पष्टपणे पुढे होता आणि त्याची चिंताही कमी झाली होती. आस्थेने केलेल्या चौकशीचा परिणाम ओसरल्यावरही जे उरले, ते व्यायामाचे, असे मी याचे वाचन करतो. २०१८ साली आलेल्या ६५५ रुग्णांच्या ब्रीद चाचणीने पुढचा व्यवहारी प्रश्न विचारला: हेच शिक्षण डीव्हीडी आणि पुस्तिकेतून दिले तर? बारा महिन्यांनी प्रत्यक्ष शिकलेल्यांचा आणि डीव्हीडीवरून शिकलेल्यांचा फायदा जवळजवळ सारखाच निघाला, आणि नेहमीच्याच उपचारांवर असलेल्या गटापेक्षा तो जास्त होता. फायद्याचा आकार सरासरीने मोठा नव्हता. सात गुणांच्या त्या मोजपट्टीवर रुग्णाला सहज जाणवेल असा फरक ०.५ धरतात, आणि इथला सरासरी फरक ०.३ च्याही आत राहिला. सरासरीत काहींचा मोठा आणि काहींचा शून्य फायदा मिसळलेला असतो हे खरे, पण चमत्काराची अपेक्षा धरू नये हेही तितकेच खरे. फुप्फुसांची क्षमता आणि श्वासनलिकांची सूज इथेही जशी होती तशीच राहिली.

प्राणायाम

प्राणायामावर निर्णय देताना पहिली अडचण अशी की हे एक नाव आहे आणि त्याखाली परस्परविरुद्ध गोष्टी येतात. अनुलोम-विलोम आणि भ्रामरी श्वास सावकाश करतात. कपालभाती आणि भस्त्रिका तो जलद आणि जोरकस करतात. कुंभकात तो थांबतो. श्वसनाच्या नियंत्रणाच्या दृष्टीने पाहिले तर पहिल्या दोघी मागणी शांत करतात आणि नंतरच्या दोघी कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकतात. ‘प्राणायाम दम्याला चांगला का’ असा प्रश्न त्यामुळे अर्धवटच राहतो.

१९८५ साली नागरत्ना आणि नागेंद्र यांनी ५३ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात झटके कमी झाले, औषधे कमी झाली आणि पीक फ्लो, म्हणजे जोरात फुंकल्यावर हवा बाहेर पडण्याचा सर्वाधिक वेग, तोही सुधारला. पण त्यात आसने, प्राणायाम, ध्यान असे सगळे एकत्र होते, त्यामुळे श्वासाचा वाटा वेगळा काढता येत नाही. १९९० साली वीरेंद्र सिंह आणि सहकाऱ्यांनी नॉटिंगहॅममध्ये ही अडचण कल्पकतेने सोडवली. श्वास घेण्याच्या दुप्पट वेळ तो सोडायला लागेल असा १:२ चा ठेका लावणारे एक उपकरण त्यांनी वापरले आणि जोडीला हुबेहूब दिसणारे पण ठेका न लावणारे खोटे उपकरण ठेवले. सौम्य दम्याच्या १८ रुग्णांमध्ये श्वासनलिका आवळणाऱ्या हिस्टामिन या रसायनाविषयीची त्यांची संवेदनशीलता थोडी घटली. ही आशादायक गोष्ट होती. पण वर उल्लेखलेल्या २००३ सालच्या नॉटिंगहॅमच्या मोठ्या चाचणीत हेच उपकरण तिसऱ्या गटाला दिले होते, आणि सहा महिन्यांनंतर त्याचा खोट्या उपकरणापेक्षा काहीही जास्त उपयोग दिसला नाही. छोट्या चाचणीतला आनंद मोठ्या चाचणीत विरून जातो, असे वैद्यकात वारंवार घडते.

सावकाश श्वासाचा मज्जासंस्थेवर परिणाम होतो हे मात्र खरे आहे. लुचानो बेर्नार्दी यांच्या गटाने २००१ साली २३ निरोगी प्रौढांवर दाखवले की जपमाळेची लॅटिन प्रार्थना असो वा योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरते आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया तल्लख होते. मन शांत होणे, धापेची भीती कमी होणे हे फायदे यातून समजतात. दम्याच्या रुग्णाला प्राणायामाची आवड असेल तर सावकाश प्रकार जरूर करावेत. फिजिओथेरपिस्ट जे शिकवतो त्याच्या ते पुष्कळ जवळ आहेत. जलद प्रकारांबद्दल मी सावध आहे. २००४ साली एका २९ वर्षांच्या स्त्रीला कपालभातीनंतर फुप्फुसाभोवती हवा शिरून ते आकसल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. एका नोंदीवरून सर्वांना भीती घालणे योग्य नाही, पण ज्याच्या सीटी स्कॅनमध्ये हवेचे फुगे दिसले आहेत त्या सीओपीडीच्या रुग्णाने कपालभाती आणि भस्त्रिका करू नये, हे मी निःसंकोच लिहितो.

सीओपीडीचे गणित वेगळे

आतापर्यंतचा बहुतेक पुरावा दम्याचा होता, आणि तो तसाच उचलून सीओपीडीला लावणे ही सर्रास होणारी चूक आहे. सीओपीडीत सोडायची हवा पूर्ण बाहेर पडत नाही, छाती फुगलेली राहते आणि मध्यपटल, म्हणजे छाती व पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू, खाली दबून सपाट होते. सपाट झालेल्या मध्यपटलाला ‘पोटाने श्वास घे’ असे सांगणे म्हणजे आधीच ताणलेल्या दोरीला आणखी ताणायला सांगणे. १९९५ साली तीव्र सीओपीडीच्या सात रुग्णांवर बारकाईने मोजमाप केले, तेव्हा पोटाच्या श्वासाने श्वसनाची कार्यक्षमता घटल्याचे आढळले. दम्यात पहिला धडा असलेली गोष्ट इथे नुकसानीची ठरू शकते.

इथे उपयोगी पडतो तो ओठ आवळून सोडलेला श्वास. नाकाने श्वास घ्यायचा आणि गरम चहावर हलकी फुंकर घालावी तसे ओठ करून, घेतला त्याच्या दुप्पट वेळात सोडायचा. गाल फुगवायचे नाहीत आणि जोरही लावायचा नाही. ओठांपाशी तयार झालेला थोडासा दाब आतल्या बारीक नळ्यांना लवकर मिटू देत नाही. पायरीवर पाऊल टाकताना श्वास सोडायचा, थांबल्यावर घ्यायचा, एवढी सांगड बसली तरी अनेकांना जिना सोपा जातो. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१२ सालच्या कोक्रेन आढाव्यात १६ अभ्यास आणि १२३३ रुग्ण होते. प्राणायामासह योग, ओठ आवळून श्वास आणि पोटाचा श्वास या तिन्हींनी सहा मिनिटांत चालण्याचे अंतर ३५ ते ५० मीटरने वाढल्याचे दिसले, पण धापेवरचा परिणाम एकसारखा नव्हता. आणि मुख्य म्हणजे चालणे, सायकल, हातापायांची ताकद यांचा समावेश असलेल्या पूर्ण पल्मनरी रिहॅबिलिटेशनमध्ये हेच व्यायाम मिसळले तर वेगळा फायदा दिसला नाही. रिहॅबिलिटेशन उपलब्ध असेल तर सीओपीडीच्या रुग्णाने आधी ते घ्यावे.

स्नायूंच्या उपकरणाचे उत्तर थोडक्यात देता येते. आत स्प्रिंगची झडप असते. ठरावीक दाबाएवढी ओढ लागल्याशिवाय ती उघडत नाही, आणि तो दाब वाढवत नेला की मध्यपटलाला वजन उचलल्यासारखा व्यायाम होतो. जर्मनीत ६०० हून अधिक सीओपीडी रुग्णांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रिहॅबिलिटेशनला याची जोड दिल्यावर श्वास ओढण्याची ताकद नक्की वाढली, पण चालण्याचे अंतर आणि जीवनमान जोड न दिलेल्या गटाएवढेच राहिले. त्यामुळे ज्याला रिहॅबिलिटेशन झेपत नाही किंवा मिळत नाही, आणि ज्याची ओढण्याची ताकद मोजून कमी आढळली आहे, त्याच्यासाठीच हे उपकरण घेण्यात अर्थ आहे. अलीकडे फुप्फुस आकसले असेल किंवा कानाचा पडदा फाटलेला असेल तर तेही नाही.

निवड करताना

दमा आहे, तपासणीतले आकडे ठीक आहेत, नाइमेगेनची बेरीज वर आहे: अशा रुग्णाने फिजिओथेरपिस्ट गाठावा, तो नसेल तर चांगल्या व्हिडिओवरून शिकावे, आणि प्राणायामाची गोडी असेल तर त्याचे सावकाश प्रकार रोज करावेत. बुटेको शिकायचीच असेल तर हरकत नाही, फक्त औषधाचा निर्णय डॉक्टरांकडे ठेवावा. दमा आहे आणि रात्री खोकल्याने जाग येते, पीक फ्लो खालीवर होतो: अशा वेळी आधी औषध नीट लावून घ्यावे, कारण दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हे व्यायाम लक्षणांसाठी पूरक मानतात, झटके टाळण्यासाठी नव्हे.

व्यायाम सुरू करण्याआधी दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो मीटर तीनदा फुंकून त्यांतला सर्वांत मोठा आकडा वहीत लिहावा, आणि व्यायाम सुरू झाल्यावरही ही नोंद चालू ठेवावी. धाप कमी वाटते आहे पण आकडा स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली घसरतो आहे, असे दिसले तर संवेदना तेवढी शांत झाली आणि नळ्या आवळतच आहेत असा त्याचा अर्थ. तेव्हा डॉक्टरांना भेटणे लांबणीवर टाकू नये. बाकी सगळे सुरळीत असेल तर निवडलेल्या पद्धतीला तीन महिने द्यावेत, नाइमेगेनचा तोच कागद पुन्हा भरावा, आणि बेरीज होती तिथेच असेल तर ती पद्धत बिनदिक्कत सोडून दुसरी घ्यावी.